सहापट लहान शिपाई

दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. पोत्यावर उगवलेले अळीव आणि मोहरी म्हणजे रान. ते त्याच्या कमरेला लागतं, तोफ मात्र गुडघ्याएवढीच. आपल्याला काही खटकत नाही. पण ज्यांना खटकतं, त्यांचा एक निराळाच छंद आहे: फूटभर उंचीचा, खऱ्या कापडाचे कपडे घातलेला, सांध्यासांध्यात वळणारा सैनिक. माणूस बरोबर सहापट लहान केलेला.

समजा, असा सैनिक पालघरच्या मातीतला करायचा. तारापूर म्हटलं की आज अणुवीज केंद्र नाहीतर बोईसरची एमआयडीसी आठवते. पण तिथल्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज कोट मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये हल्ला करून जिंकला. त्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे मे महिन्यात बुरुजाखाली सुरुंग उडवून चिमाजी आप्पांच्या फौजेनं वसई घेतली. त्या मोहिमेतला एक बंदूकवाला घेऊ. बंदूक तोड्याची, म्हणजे धुमसत्या दोरीनं बार उडवायची. मग हातात तोडा हवाच, त्याचं टोक काजळलेलं हवं आणि कमरेची दारू त्यापासून जरा लांब. चुकून तोडाच विसरला, तर कितीही रेखीव असली तरी ती बंदूक उडायची नाही!

खरी गंमत पुढेच आहे. बंदूक सहापट लहान करता येते, सूत करता येत नाही. सदऱ्याचं ४० नंबरचं सूत साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतं. तेच कापड या शिपायाला चढवलं, की त्याच्या मापानं एकेक धागा ०.९ मिलिमीटरचा होतो. बिचारा सुतळीचा अंगरखा घालून लढाईला निघतो. बोईसरच्या कापड कारखान्यात सुताचे नंबर जाणणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसेल.

आणि कापड पडतही नाही. घरी करून पाहा: धोतराच्या कापडाची हातभर पट्टी टेबलाच्या कडेवरून सोडली तर ती झुळझुळ खाली येते. त्याच कापडाचा पेराएवढा तुकडा कडेबाहेर काढा, तो ताठ आडवाच राहतो. कापडाचा ताठपणा तोच, पण त्याला खाली ओढायला पुरेसं वजनच नाही. माणूस सहापट लहान झाला की त्याचं वजन सहापट नाही, २१६ पट कमी होतं. सहा गुणिले सहा गुणिले सहा. म्हणून कसबी कारागीर अतिशय तलम कापड शोधतात, काठात केसासारखी तार लपवतात, चुण्या ओल्या करून बांधून ठेवतात. जे काम खऱ्या धोतरावर गुरुत्वाकर्षण फुकट करतं, ते इथे बोटांनी करावं लागतं.

रंगाचंही तेच. छोट्या चेहऱ्यावर भुवईची, नाकाची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. बुबुळावर पांढरा ठिपका दिला की नजर जिवंत होते. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला हे कुणी शिकवायला नको. मला तर वाटतं, हा छंद आपल्याकडच्या मूर्तिकारांच्या हाती अजून पुरेसा लागलेलाच नाही.

फूटभर उंचीचा हा प्रकार अमेरिकेत १९६४ साली ‘जी. आय. जो’ नावानं रुजला. मुलगे ‘बाहुली’ म्हटलं तर हात लावणार नाहीत, म्हणून ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हटलं. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूला आहे! साच्यातली चूक ती. पण नकली माल ओळखायला तीच कामी आली. पुढे त्याची पावणेचार इंची पलटण आली, आणि तिचे शिपाई आपल्याकडच्या फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीनंही बनवले. साचे परदेशी, रंग मात्र पुष्कळदा भलतेच. त्या भलत्या रंगांसाठीच आज परदेशातले संग्राहक हे भारतीय शिपाई शोधत असतात.