पुण्याजवळ घडलेले नाक

कावसजी हा मराठी शेतकरी इंग्रज फौजेचे बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या माणसाने त्याला नवे नाक बसवले.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत कृतीसह छापली. आधी मेणाचे नाक करून चेहऱ्यावर बेतायचे. ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. फक्त दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची. मग नाकाच्या थोटकाची कड ताजी करून कातडी पिळून खाली आणायची आणि तिथे पाडलेल्या खाचेत बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाचे बोळे. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी ती भुवयांमधली पट्टी कापायची.

सारी करामत त्या पट्टीत आहे. नवी जागा रक्त पुरवू लागेपर्यंत कातडी तिच्यातूनच जगते. सुश्रुतसंहितेतली कृती गालाची कातडी घेते आणि माप झाडाच्या पानाने. पुण्याची रीत कपाळाची. मासिकात कावसजीचे नाव आले, चित्रकार जेम्स वेल्सने त्याचे चित्र काढले, पण ज्याने नाक घडवले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. हे मात्र खटकते.

जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर पुण्याच्या रीतीने ही शस्त्रक्रिया केली. त्या अधिकाऱ्याचे नाक शस्त्राने नव्हे, पाऱ्याच्या औषधाने गेले होते! कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर आजही अनेकदा कपाळाचीच कातडी वळवतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी दुवा तोडतात.

आता नाक जाते ते बहुधा वेगळ्या कारणांनी. कुष्ठरोगात आतली कूर्चा झिजून नाक खोगिरासारखे बसते. जन्मजात दुभंगलेल्या ओठासोबत नाकपुडी ओढली जाते. बराचसा हिशेब अपघातांचा. पुणे जिल्ह्यातच पाहा: बारामती-इंदापूर पट्ट्यात गाळप सुरू झाले, की माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात. अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, तर हेल्मेट नसलेल्याचे तोंडच आधी सापडते.

नाकाचे हाड मोडले, तर सूज उतरल्यावर, साधारण दोन आठवड्यांच्या आत ते जागेवर बसवणे सोपे. मुलांत त्याहून लवकर. उशीर झाला, की ते वाकडेच जुळते आणि मग मोठी शस्त्रक्रिया लागते. खरा धोका मात्र बाहेरून दिसत नाही. नाकाच्या पडद्यात रक्त साकळले, की कूर्चेला पोषण पोचत नाही. ती काही दिवसांत मरते आणि नाक खचते. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, आत मऊ फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाने ते रक्त काढायला हवे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. हळद दाबून आठवडाभर वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.