गिरणगाव : तिसरा हिस्सा कुणाचा?

सुरुवात : मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला उभी राहिली. पुढे लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा गिरणगावचा पट्टा गिरण्यांच्या भोंग्यावर चालू लागला.

संप : १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

जमीन : ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. तीही शहराच्या मध्यावर, रेल्वे स्थानकांलगत.

१९९१ चा विकास नियंत्रण नियम (क्र. ५८) : गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे. एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

१९९६ : वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सुचवले, की सुटे तुकडे न पाडता जमिनींचा एकत्रित आराखडा करा, म्हणजे सलग मोकळी जागा मिळेल.

२००१ ची दुरुस्ती : वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची, असे ठरले. गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली आणि सार्वजनिक हिस्सा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

परिणाम : मॉल, कार्यालये आणि टॉवर वाढले, पण रस्ते, पूल, मैदाने त्या मानाने वाढली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच भागातल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला.

धडा : दाट वस्ती वाईट नसते. पण मोकळी जागा आणि कामगारांची घरे आधी राखून ठेवावी लागतात. उरलेल्यातून ती कधीच मिळत नाहीत.