द्राक्षातलं सीसीसी यंत्राला सापडतं कसं?

२०१० चा हंगाम द्राक्ष बागायतदार सहजासहजी विसरणार नाही. माल युरोपात पोहोचला आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपलं सीसीसी सापडलं. वेलीची शेंडावाढ रोखायला मारतात तेच. तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम; टनभर द्राक्षांत अवघे ५० मिलिग्रॅम! कंटेनर अडकले, बागायतदाराचे पैसेही अडकले.

मणी चाखून, हुंगून काही कळत नाही. मग यंत्राला कसं कळतं?

हे यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंना वजनावरून ओळखतं. अट एकच, रेणूवर वीजभार हवा आणि तो हवेत सुटा हवा. पूर्वी त्यासाठी पदार्थ तापवून त्याची वाफ करावी लागे. सीसीसी पडलं मिठाच्या जातीचं. तापवलं की वाफ होण्याआधीच मोडतं.

इथे कामी आली चक्क फवारणी. द्राक्षाचा अर्क केसासारख्या बारीक नळीतून सोडतात आणि नळीला तीन-चार हजार व्होल्टचा दाब देतात. टोकाशी द्रव सुळक्यासारखा ताणला जातो आणि त्यातून भारित तुषार उडतात. गरम नायट्रोजन वायूत थेंब सुकत जातो. पाणी उडतं, भार मात्र थेंबातच राहतो. एकाच जातीचे भार एकमेकांना ढकलतात, दाटी असह्य झाली की थेंब फुटतो. त्याचे थेंबुटे पुन्हा सुकतात, पुन्हा फुटतात. शेवटी उरतो सुटा, भारित रेणू. अमेरिकेच्या येल विद्यापीठात जॉन फेन यांनी १९८० च्या दशकात ही रीत मोठमोठ्या प्रथिनांपर्यंत नेली. २००२ साली त्यांना नोबेल मिळालं.

बऱ्याच कीटकनाशकांना भार चिकटावा म्हणून अर्कात थोडं फॉर्मिक आम्ल घालतात, मुंगीच्या डंखात असतं ते. सीसीसीला त्याचीही गरज नाही, त्याचा भार जन्मजात! यंत्र १२२ वजनाचा रेणू निवडतं, तो फोडतं आणि ५८ चा तुकडा निघतो का बघतं. निघाला की चोर पकडला.

यंत्रही चुकू शकतं बरं का. द्राक्षातली साखर नि क्षार थेंबात भारासाठी भांडतात, आकडा कमी दिसू शकतो. म्हणून प्रयोगशाळा औषध न मारलेल्या द्राक्षाच्या अर्कात मोजून सीसीसी घालून ताळा जुळवते.

आणखी एक. नेहमीच्या तपासणीत वापरतात त्या द्रावकात सीसीसी नीट उतरत नाही, त्याचा अर्क वेगळा काढावा लागतो. तेव्हा अहवाल हाती आला की त्यात सीसीसीची ओळ आहे का, ती आधी बघा.