बिनपेट्रोलची मोटार आणि घरची वही

२००६ सालची गोष्ट. बंगळूरहून आलेल्या ट्रकच्या फळ्या खाली टाकून चार हमालांनी आमची मोटार कोथरूडच्या रस्त्यावर उतरवली, तेव्हा अर्धी सोसायटी गॅलरीत उभी होती. आमच्या सौ.नी मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि पहिला प्रश्न विचारला, "अहो, बाकीची मागून येणार आहे का?"

प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. गाडी होती रेवा. लांबी जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर, दारे दोन, पुढे दोन मोठी माणसे आणि मागे दोन पोरे बसतील एवढीच जागा. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची टाकी नाही. पुढच्या बैठकीखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावायची एक लांब वायर. बंगळूरच्या एका गृहस्थांकडून मी ती सेकंडहँड घेतली होती. "चालवत का नाही आणली?" असे शेजारच्या नानांनी विचारले. बंगळूर ते पुणे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. एकदा वीज भरली की कंपनीच्या हिशेबाने ८० किलोमीटर, आणि पुन्हा पूर्ण भरायला आठ तास. रोज एक मजल धरली तरी अकरा दिवस लागले असते. त्याहून ट्रक स्वस्त पडला.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे वेड मला लहानपणापासूनचे. पण वेड निराळे आणि संसार निराळा. मोटार घरात आली त्याच रात्री सौ.नी एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'मोटार : जमा आणि खर्च'. त्या वहीने मला जे शिकवले तेच आज सांगणार आहे. विजेची मोटार परवडते का, हा प्रश्न आता घरोघर विचारला जातो, आणि त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही.

देशी मोटारीचा जन्म

आपल्याकडे विजेच्या मोटारीचा पहिला प्रयत्न म्हणून 'लव्हबर्ड' या छोट्या गाडीचे नाव घेतात. केरळातल्या चालकुडीच्या एडी करंट कंट्रोल्स या कंपनीची ही गाडी १९९३ साली दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात लोकांनी पाहिली. गाडी फारशी खपली नाही. रेवा त्यानंतरची. तिचे जनक चेतन मैनी अमेरिकेत शिकत असताना मिशिगन विद्यापीठाच्या सूर्यशक्तीवर चालणाऱ्या मोटारीच्या चमूत होते. ती मोटार १९९० साली अमेरिकेतली शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत तिसरी आली. पुढे १९९४ मध्ये बंगळूरच्या मैनी उद्योगाने अमेरिकन कंपनीशी भागीदारी केली आणि २००१ साली रेवा बाजारात आली.

किंमत मात्र अडीच-तीन लाखांच्या घरात. त्याहून कमी पैशांत मारुती ८०० मिळत होती. तिच्यात चार माणसे ऐसपैस बसत आणि ती महाबळेश्वरलाही जाई. मग दोन माणसांची, गावात फिरणारी गाडी कोण घेणार? घेतली ती माझ्यासारख्या हौशी मंडळींनीच.

वहीतले पहिले पान

पहिले काही महिने वही पाहून माझी छाती फुगत असे. पूर्ण वीज भरायला साधारण दहा युनिटे लागत. युनिटला चार रुपये धरले तर चाळीस रुपये. कंपनीचे ८० किलोमीटर सपाट रस्त्यावरचे. पुण्याची गर्दी, सिग्नल आणि चढ यांत मला साठच मिळत. म्हणजे किलोमीटरला सदुसष्ट पैसे. त्या वेळी पेट्रोल लिटरला पन्नाशीच्या आसपास होते. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी छोटी मोटार धरली तर किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या वर. वर्षाला साडेसात हजार किलोमीटरांच्या फिरण्यात वीस हजारांची बचत! मी ही आकडेमोड कचेरीत, लग्नकार्यात, न्हाव्याच्या दुकानात, भेटेल त्याला ऐकवत असे.

प्लगचे प्रकरण मात्र सोपे गेले नाही. गाडी उभी राही ती सोसायटीच्या आवारात आणि तिथला दिवा सगळ्यांच्या मीटरवर. "तुमच्या मोटारीला आम्ही का म्हणून वीज पाजायची?" असे एका सभासदाने सभेत विचारले आणि ते बरोबरच होते. अखेर माझ्या मीटरवरून भिंतीच्या कडेने स्वतंत्र तार खाली आणली आणि तिला पेटी करून कुलूप लावले. तारेचा, पेटीचा आणि वायरमनचा खर्चही वहीत गेला. ज्याचे स्वतःचे आवार आहे त्याला हे कळणार नाही. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची विजेची मोटार आधी प्लगपाशी अडते.

एक फजितीही सांगून टाकतो. दोष सर्वस्वी माझा. रात्री वीज भरायला विसरलो आणि सकाळी अर्ध्या भरलेल्या गाडीतून पाहुण्यांना बावधनला सोडायला निघालो. चांदणी चौकाचा चढ आला. चढावर विजेचा खर्च कसा वाढतो हे मी इतरांना नेहमी समजावून सांगत असे. त्या दिवशी मलाच समजले. काटा तळाला गेला, गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली आणि एका मिसळीच्या दुकानापुढे थांबली. मालक सज्जन. त्यांच्या फ्रीजरचा प्लग काढून त्यांनी आमच्या मोटारीला दिला. फ्रीजर बंद आणि पाहुणे ताटकळलेले. भीड म्हणून आम्ही तिघांनी दोनदा मिसळ खाल्ली. त्या दिवसाच्या पानावर सौ.नी नोंद केली, 'वीज : मिसळ सहा प्लेट'.

तिसऱ्या वर्षीचा धडा

तिसऱ्या वर्षी मोटार थकू लागली. साठ किलोमीटरांचे पन्नास झाले, मग चाळीस, मग तीस. यात नवल काही नव्हते. शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीचा तो धर्मच आहे. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी याच जातीची. ती जितकी खोल रिकामी करावी तितके तिचे आयुष्य कमी होते. रिकामी ठेवून दिली तर पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे थर घट्ट बसतात. वीज भरताना आतले पाणी उडते, म्हणून वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. शिवाय वजन! माझ्या आठ बॅटऱ्यांचे वजन अडीचशे किलोंच्या वर. म्हणजे आम्ही दोघे बसलो की आमच्या जोडीला आणखी चार अदृश्य माणसे त्या गाडीतून फिरत आणि त्यांना वाहून नेण्यातही वीज जाई.

नव्या संचाचा भाव विचारून मी घरी आलो आणि चहा न घेताच बसलो. एका नव्या मोटारसायकलच्या किमतीहून तो जास्त होता. सौ.नी वही उघडली. तीन वर्षांची बचत साठ हजार. नवा संच ती सगळी गिळून वर आणखी मागत होता. त्याच वर्षी मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

त्या म्हणाल्या, "अहो, पेट्रोलचे पैसे वाचले असे तुम्ही म्हणत होता ना? ते वाचले नव्हते. तुम्ही तीन वर्षांचे पेट्रोल आधीच विकत घेऊन बैठकीखाली ठेवले होते. आता ते संपले."

इतक्या थोडक्यात विजेच्या मोटारीचे अर्थशास्त्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

शंभर वर्षांपूर्वीचे तेच दुखणे

मन रमवायला मी जुन्या मोटारींचा इतिहास वाचू लागलो, तर तिथेही हीच वही! १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या. त्यांतल्या १,५७५ विजेच्या होत्या, पेट्रोलच्या फक्त ९३६ आणि बाकीच्या वाफेच्या. विजेची मोटार तेव्हा शहाण्यासुरत्या शहरी माणसाची मोटार समजली जाई. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला हँडल नाही, गिअर नाही, वास नाही. त्यामुळे स्त्रिया ती पसंत करीत. पेट्रोलच्या मोटारींचे सम्राट हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः १९१४ची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवत. ती गाडी फोर्डांच्याच नावाच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

पण किंमत? १९१२च्या सुमारास विजेची एक मोटार १,७५० डॉलरांना, तर पेट्रोलची ६५० डॉलरांना मिळे. त्याच साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा जाच संपला. फोर्डांची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरांना होती. १९२५पर्यंत तिचा साधा नमुना २६० डॉलरांवर आला. बॅटरीच्या किमतीला असा उतार लागला नाही. विजेची मोटार मागे पडली ती बॅटरीच्या ओझ्याने आणि किमतीने.

आणखी एक मौज कळली. मला पुण्यात न परवडणारी माझीच मोटार लंडनमध्ये लोकांना परवडत होती! २००४पासून रेवा तिथे 'जी-विझ' या नावाने विकली जाऊ लागली. मध्य लंडनमध्ये मोटार नेण्यावर २००३पासून रोज ५ पौंडांचा कर होता. २००५ मध्ये तो ८ पौंड झाला. विजेच्या गाड्यांना त्यात माफी. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर २,००० पौंड वाचले. शिवाय काही भागांत गाडी उभी करायला पैसे नाहीत. अशा हिशेबात सुमारे सात हजार पौंडांची गाडी चार वर्षांत फिटे. तिथे तिला मोटारीपेक्षा हलक्या वाहनाचा दर्जा होता, त्यामुळे मोटारीसारखी अपघात-चाचणी सक्तीची नव्हती. २००७ मध्ये अशा चाचण्या झाल्या तेव्हा तिच्या सुरक्षिततेवर कडक टीका झाली. मीही माझी गाडी हमरस्त्यावर कधी नेली नाही. एकूण काय, परवडणे हे गाडीवर जेवढे, तेवढेच गावच्या नियमांवरही अवलंबून असते.

वहीत न बसलेली नोंद

आता मोटार विकावी, असे मी ठरवले. एके संध्याकाळी मी तसे बोललो, तेव्हा सौ. बराच वेळ गप्प राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी आपली दोन जुनी कर्णफुले आणून टेबलावर ठेवली.

"बॅटऱ्या घ्या," त्या म्हणाल्या.

मी थक्क झालो. ज्या बाईने तीन वर्षे माझी प्रत्येक पै तपासली, तीच हे सांगत होती!

"मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकले," त्या म्हणाल्या. "क्लचच्या भीतीने आधी दोनदा सोडून दिली होती. हिला क्लच नाही म्हणून जमले. आता आईला दवाखान्यात न्यायला मला कुणाच्या पाया पडावे लागत नाही, रिक्षावाल्याच्या नाही की तुमच्याही नाही. ते तुमच्या वहीत कुठल्या खात्यावर लिहाल?"

कर्णफुले मी मोडू दिली नाहीत. मुलीची फी आधी भरली. बॅटऱ्या पतपेढीच्या कर्जातून आल्या आणि मोटार पुढे आणखी चार वर्षे घरात राहिली. त्यांतली बहुतेक वर्षे ती सौ.नीच चालवली. मला क्लारा फोर्ड आठवल्या की हसू येई.

आज काय?

२०१० साली महिंद्र उद्योगसमूहाने रेवा कंपनीचा बहुतांश हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची 'ई-टू-ओ' आणली. तीही पुढे बंद झाली. पण बॅटरीचा भाव मात्र खरोखरीच उतरला. ब्लूमबर्गच्या अभ्यासकांच्या पाहणीप्रमाणे २०१० मध्ये एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटरीला हजारावर डॉलर पडत. २०२४ मध्ये सरासरी ११५. म्हणजे माझ्या मोटारीएवढी दहा युनिटांची बॅटरी दहा हजार डॉलरांवरून साडेअकराशेवर आली. शिवाय ती हलकी, पाणी न मागणारी आणि कितीतरी अधिक टिकणारी. मॉडेल टीच्या बाबतीत जे घडले ते बॅटरीच्या बाबतीत शंभर वर्षांनी घडले. म्हणूनच पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी नेक्सॉनची विजेची आवृत्ती २०२० मध्ये चौदा लाखांना आली आणि २०२२ मध्ये टियागोची साडेआठ लाखांपासून.

तरीही घेणाऱ्याने घरी एक वही घालावी. रोजचे जाणे-येणे किती, हे पहिल्या पानावर लिहावे, कारण गाडी जितकी अधिक फिरेल तितकी लवकर फिटते आणि नुसती उभी राहिली तर कधीच फिटत नाही. दुसऱ्या पानावर आपला प्लग कुठे आणि कोणाच्या मीटरवर ते लिहावे. तिसऱ्या पानावर बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरांची, आणि हमी संपल्यावर नव्या बॅटरीचा भाव काय, ते विक्रेत्याकडून लेखी घेऊन चिकटवावे. एवढी तीन पाने भरली की उत्तर आपोआप मिळते.

चौथे पान कोरे ठेवावे. आमच्या वहीत ते होते. गाडी विकली त्या दिवशी सौ.नी त्यावर अखेरची नोंद केली. जमेच्या बाजूला त्यांनी 'आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या' एवढेच लिहिले, आणि आकड्याची जागा मोकळी सोडून वही मिटली.