भट्टीपुढचे मुके सोबती

नाशिकांत द्वारकेच्या चौकांत मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांस मिळतात. त्या चौकापासून हांकेच्या अंतरावर आमचें बिऱ्हाड आहे. बाहेर अहोरात्र मोटारींचा गलबला चालूच असतो. पण खरें सांगावयाचें तर घरांतील गलबला त्याहून कमी नाहीं. मोती नांवाचा एक गांवठी कुत्रा, मनी व तिची लेक अशा दोन मांजरी, पिंजऱ्यांत चार चिमुकले पांखरू आणि कांचेच्या पेटींत नातवाचे मासे, एवढा आमचा परिवार. त्यांतच दर रविवारीं सूनबाई विजेच्या लहान भट्टींत पाव, नानकटाई किंवा केक भाजते. आमच्या लहानपणीं नानकटाईसाठीं रवा, तूप आणि साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जावें लागे व पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन परत यावें लागे. आतां ती भट्टीच घरांत आली आहे. ती तापूं लागली कीं मोती दारांत ठाण मांडतो, मांजरी ओट्याखालीं घुटमळतात, आणि नातू या सर्वांच्या पुढें असतो.

या प्रेमळ गर्दींतच एकदां आमच्यावर मोठें संकट ओढवलें. त्याचें कारण दुसरें कोणी नसून मी स्वतः होतों. नाताळाच्या सुमारास सूनबाईनें केकसाठीं बेदाणे निवडून ठेवले होते. शाळेंत जन्मभर मुलांना खाऊ वाटण्याची मला संवय. मोतीनें पंजा पुढें केला कीं मी त्याच्या तोंडांत दोन-चार बेदाणे टाकीत असें. त्या दिवशीं असें करतां करतां चांगले मूठभर बेदाणे त्याच्या पोटांत गेले. रात्रीं त्यास वांत्या होऊं लागल्या आणि सकाळीं तो अन्नाला शिवेना. पशुवैद्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “द्राक्षें किंवा बेदाणे खाल्ले काय?” मीं मान डोलावली, तेव्हां त्यांची मुद्रा गंभीर झाली. तीन दिवस मोतीच्या शिरेंतून सलाईन द्यावें लागलें आणि रक्त पुनःपुन्हां तपासावें लागलें. सुदैवानें तो वांचला. परंतु ज्या हातांनीं मीं त्याला वाढविलें त्याच हातांनीं मीं त्याला विष चारलें, ही गोष्ट मनांतून जात नाहीं. त्या निमित्तानें जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

द्राक्षांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, ही गोष्ट सन २००१ च्या सुमारास अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या प्रथम ध्यानांत आली. एखादा कुत्रा थोड्याशा द्राक्षांनीं दगावे, तर दुसरा पुष्कळ खाऊनहि ठणठणीत राही. त्यामुळें त्यांतील विष कोणतें हें पुष्कळ वर्षें उमगत नव्हतें. हें कोडें उलगडण्यास मदत झाली ती घरांत मळलेल्या एका गोळ्याची. मुलांना खेळण्यासाठीं केलेला मऊ गोळा एका कुत्र्यानें खाल्ला, आणि त्याचीं मूत्रपिंडें अगदीं द्राक्षें खाल्ल्याप्रमाणें बिघडलीं. त्या गोळ्यांत ‘क्रीम ऑफ टार्टर’ घातलेलें होतें. मद्याच्या पिंपांत तळाशीं जो क्षार सांचतो त्यापासून हा पदार्थ काढतात, आणि कांहीं बेकिंग पावडरींतहि तो घालतात. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतहि तोच विकार दिसून आला. या तिन्ही पदार्थांत टार्टारिक अम्ल आहे, आणि तेंच द्राक्षांतील विष असावें असें अनुमान २०२१ सालीं मांडण्यांत आलें. नाशिककरांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. आपल्याकडे द्राक्षें घरोघर येतात आणि आमटींत चिंचेचा कोळ असतोच.

दुसरा पदार्थ कांदा. निफाड तालुक्यांतील लासलगांवची कांद्याची बाजारपेठ सर्व देशाला ठाऊक आहे. कांद्यांतील व लसणींतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्यांच्या व मांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. मांजरास तर हा अपाय अधिक लवकर होतो. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. म्हणून लसूण लावलेला पाव अथवा कांदा घातलेली खारी त्यांना देऊं नये. लक्षणें बहुधा कांहीं दिवसांनीं दिसतात, तोंवर काय खाल्लें होतें याचा घरच्यांना विसर पडलेला असतो.

तिसरें चॉकलेट. कोकोंत थिओब्रोमीन नांवाचें द्रव्य असतें. मनुष्याच्या शरीरांतून तें कांहीं तासांत ओसरतें. कुत्र्याच्या शरीरांत मात्र दुपटीच्या आसपास वेळ रेंगाळतें आणि हृदयाची गति बिघडवितें. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला त्रास होण्यास साखर न घातलेला कोको दोन-तीन लहान चमचे पुरतो. मधुमेह्यांसाठीं साखरेऐवजीं जें झायलिटॉल वापरतात, तेंहि कुत्र्यास फार घातक आहे. त्यानें रक्तांतील साखर एकाएकीं उतरते.

चौथी गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. ती म्हणजे पावाचें कच्चें पीठ. यीस्ट हे सूक्ष्म जीव आहेत. ते पिठांतील साखर खाऊन कार्बन डायॉक्साइड वायु व मद्यार्क निर्माण करतात. वायूमुळें पीठ फुगतें आणि भट्टीच्या आंचेनें मद्यार्क बहुतेक उडून जातो. पण तेंच पीठ कुत्र्यानें कच्चें गिळलें तर त्याचें पोट हीच ऊबदार जागा होते. पीठ आंत फुगत जातें, पोटास तड लागते, आणि मद्यार्क रक्तांत शिरून प्राणी झिंगल्यासारखा झोकांड्या खातो. म्हणून पीठ फुगावयास ठेवतांना झांकण पुरेसें नाहीं, तें कपाटांतच ठेवावें.

मांजरीविषयीं एक मौज सांगतों. तिला गोड चव कळतच नाहीं. गोडी ओळखणारें एक जनुक तिच्यांत निकामी आहे, हें २००५ सालीं सिद्ध झालें. आमची मनी केकभोंवतीं फिरते ती लोण्यासाठीं, साखरेसाठीं नव्हे. पांखरांविषयींहि दोन शब्द. आपल्याकडील देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. आमच्या पिंजऱ्यांतले आस्ट्रेलियांतील जातीचे आहेत. न चिकटणारा लेप दिलेलीं भांडीं अतिशय तापलीं म्हणजे त्यांतून जो वायु निघतो, त्यानें लहान पक्षी क्षणांत मरतात. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरांत कधींहि टांगूं नये.

श्रोतेहो, इतकें ऐकून कोणी म्हणेल, मग या मुक्यांना घासभरहि देऊं नये कीं काय? तसें नाहीं. आपल्या जुन्या घरांतून जेवणापूर्वीं गाईचा, कुत्र्याचा आणि कावळ्याचा घांस निराळा काढीत. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ तो हाच. या रीतींत एक व्यावहारिक शहाणपणहि मला दिसतें. प्राण्याचा वांटा आधीं काढला म्हणजे तो साधा राहतो. आपण उलट करतों. आपल्या जिभेसाठीं मीठमसाला घालून सजविलेल्या पानांतलें उरलेंसुरलें त्यांच्यापुढें टाकतों आणि त्यास प्रेम म्हणतों.

आतां आमच्या घरीं रविवारीं पहिला वांटा मोतीचा निघतो. दोन वाट्या कणकेंत अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा व एक अंडें घालून घट्ट मळावें. मीठ, साखर, बेकिंग पावडर कांहींहि नको. पाव बोटाएवढी जाड पोळी लाटून तुकडे करावे आणि मंद आंचेवर कडक होईपर्यंत भाजावे. हे तुकडे कुत्र्यांसाठींच, आणि तेहि रोजच्या जेवणाऐवजीं नव्हे, तर खाऊ म्हणून एखाददुसरे. मनीला केक मिळत नाहीं. तिच्यासाठीं मिठाशिवाय उकडलेल्या मासळीचा तुकडा असतो.

आणि चुकून कांहीं भलतें खाल्लेंच तर लक्षणांची वाट पाहूं नये. काय खाल्लें, किती खाल्लें, केव्हां खाल्लें, हें लिहून घेऊन ताबडतोब पशुवैद्यांकडे जावें. मिठाचें पाणी पाजून घरींच वांति करविण्याचा प्रयत्न मात्र करूं नये. त्यानेंच जीवावर बेतूं शकतें.

मोती आतां बरा आहे. मीं हात पुढें केला कीं तो अजूनहि पूर्वीच्याच विश्वासानें तोंड उघडतो. हातांत काय आहे हें तो पाहत नाहीं. तें पाहण्याचें काम आपलें आहे.