फिस्ट्युला : टाळता येणारी जखम

बाळ अडलं आणि सिझेरियनची सोय जवळपास नसली, की प्रसूती दोन-दोन, तीन-तीन दिवस रखडते. बाळाच्या डोक्याचा दाब सतत पडून मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मृत होतो आणि तिथे छिद्र पडतं. हाच फिस्ट्युला. बाळ बहुधा दगावतं, आईची लघवी मात्र रात्रंदिवस ठिबकत राहते. वासामुळे अनेकींना नवरा टाकतो, गाव लांब ठेवतं.

ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे पती डॉ. रेजिनाल्ड १९५९मध्ये इथिओपियात गेले, ते सुईणींची शाळा काढायला. १९७४मध्ये त्यांनी अदिस अबाबात फिस्ट्युलासाठी खास रुग्णालय उभारलं. उपचार मोफत, बरी होऊन निघणाऱ्या बाईला नवा पोशाख आणि गावी जायला बसभाडंही. आजवर ६० हजारांहून अधिक स्त्रियांवर इथे उपचार झाले आहेत.

हॅम्लिन दांपत्याच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक मामितू गाशे. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मामितू बिछाने आवरता आवरता शस्त्रक्रियागृहात मदतीला उभ्या राहू लागल्या. पुढे त्या स्वतः फिस्ट्युलाच्या शस्त्रक्रिया करू लागल्या, डॉक्टरांना शिकवूही लागल्या. २०१८च्या बीबीसीच्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव होतं.

मूळ इलाज मात्र प्रसूतीआधीचा. म्हणूनच २००७मध्ये सुईणींचं महाविद्यालय सुरू झालं. शिकलेली सुईण आणि वेळेवर सिझेरियन मिळालं, तर ही जखम जवळजवळ होतच नाही.

२०१३पासून २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे फिस्ट्युला निर्मूलन दिन म्हणून पाळला जातो.