नाण्यांच्या जाहिरातीतील अक्षरे

पूर्वी जुना रुपया घ्यावयाचा तर सराफाच्या पेढीवर जावे, नाणे फरशीवर वाजवून पाहावे आणि मग भाव करावा, अशी रीत होती. आता संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रे दिसतात, खाली एक ओळ असते, आणि तेवढ्यावर पैसे धाडावयाचे असतात. म्हणून ती ओळ वाचता येणे अगत्याचे झाले आहे.

समजा, ओळ अशी आहे: 'एक रुपया, १९११, चांदी, व्ही.एफ./एफ., कडी काढलेली.' यातील तिरप्या रेघेच्या अलीकडचे अक्षर राजाच्या मुखवट्याच्या बाजूचे व पलीकडचे पाठीमागच्या बाजूचे. ही अक्षरे नाणे किती झिजले आहे एवढेच सांगतात. येथे इंग्रजी शब्दांचा नेहमीचा अर्थ धरून चालल्यास फसगत ठरलेली. 'जी.' म्हणजे गुड; पण या बाजारात गुड म्हणजे पुष्कळ झिजलेले, अक्षरे कशीबशी वाचता येणारे नाणे! त्याच्या वर व्ही.जी., एफ., व्ही.एफ., एक्स.एफ. आणि ए.यू. अशा पायऱ्या आहेत. सर्वांत वर यू.एन.सी., म्हणजे चलनात न फिरलेले.

कधी अक्षरांपुढे आकडा असतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. ६० पासून पुढे न फिरलेली नाणी येतात. मात्र 'के.एम.' या अक्षरांपुढचा आकडा दर्जाचा नव्हे. तो क्राउझ व मिशलर यांच्या सूचीतील केवळ अनुक्रमांक होय.

आता 'कडी काढलेली' हे शब्द पाहा. आपल्याकडे रुपयांना कड्या डाखवून गळ्यात माळ घालीत. कडी काढली तरी डाखाचा डाग उरतो आणि मोल उतरते. नाणे चिंच-राखेने घासून लख्ख करण्याची आपली सवयही अशीच घातक आहे. गृहिणीला जी स्वच्छता वाटते, ती संग्राहकाच्या लेखी इजा असते. जाहिरातीत 'क्लीन्ड' असे लिहिलेले असते, ते स्तुतीसाठी नव्हे.

पण दर्जा आणि खरेपणा या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली, की तो डुकरासारखा दिसू लागला. ओरड झाली, नाणे मागे घेतले गेले आणि १९१२ साली हत्ती सुधारून काढण्यात आला. तेव्हा विक्रेत्याने १९११ साल सांगितले, तर चित्रात तो हत्ती आधी शोधावा. मग वजन विचारावे. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असतो. उलट, राम-सीतेचे चित्र व १८१८ साल असलेली 'कंपनीची नाणी' विकावयास येतात. कंपनीने असली नाणी कधीच पाडली नाहीत, त्यांपुढे यू.एन.सी. लिहिले तरी त्यास काय अर्थ?

विकणाऱ्यानेही जपावे. घरातील नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणारे भामटे आहेत. आपले नाव पुढे करून असे शुल्क मागितले जाते, पण आपला या व्यवहाराशी संबंध नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता.

तात्पर्य, ती अक्षरे हे विक्रेत्याचे मत असते, पुरावा नव्हे. दोन्ही बाजूंची आणि कडेची स्पष्ट चित्रे, वजन आणि परत घेण्याची लेखी हमी मागावी. प्रामाणिक विक्रेता या मागणीने रागावत नाही. जो रागावेल, त्याचे नाणे त्याच्याकडेच राहू द्यावे.